रिमोटचं बटण दाबलं, ते हरवलं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यात कोथरूडच्या एका घरात मुलाने जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि कोडी (पिक्चर-गाणी चालवणारा प्रोग्रॅम) टाकून आई-बाबांसाठी मीडिया कॉम्प्युटर उभा केला आहे. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २.४ गिगाहर्ट्झचा, यूएसबी डोंगलवाला रिमोट आणला. सीपीयूजवळ उभं राहिलं तर तो चालतो, सोफ्यावरून मात्र निम्मी बटणं वाया जातात. बाण चालतात, मधलं ओके अजिबात चालत नाही. आवाज वाढवला की दोन पायऱ्या एकदम चढतो. लाल बटणाने बंद केलेलं मशीन रिमोटने पुन्हा सुरू होत नाही, त्यामुळे बाबांना वाकून सीपीयूचं बटण दाबावं लागतं. गुरुवारी लाइट जाऊन आली की सगळं ठप्प. तर हा रिमोट परत करून इन्फ्रारेडवाला घ्यावा का?

परत करू नका. तुम्ही सांगितलेल्या पाच तक्रारींची कारणं पाच वेगवेगळी आहेत आणि त्यातल्या एकाच तक्रारीचा रिमोटच्या लहरींशी संबंध आहे. दुसरा रिमोट आणलात तरी उरलेल्या चार तशाच राहतील. मी वीसेक वर्षं लोकांच्या घरी हे काम करतोय आणि सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथेच. एक रिमोट चालला नाही म्हणून दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी ड्रॉवरमध्ये चार रिमोट, तीन डोंगल.

बटण दाबल्यापासून पडद्यावर काही हलेपर्यंत तो इशारा चार दारं ओलांडतो. रिमोटमधून हवेत, हवेतून रिसीव्हरमध्ये, रिसीव्हरमधून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आणि कर्नलमधून कोडीपर्यंत. यातल्या कोणत्या दारात तो अडतो ते कळेपर्यंत कशालाही हात लावू नका. आणि ते कळायला दहा मिनिटं पुरतात.

त्यासाठी ‘ईव्हीटेस्ट’ नावाचं एक छोटं साधन आहे. (आज्ञा आणि फायलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.) ते टाकून घ्या, कोडी बंद करा, टर्मिनल उघडून सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) चालवा. मशीनला जोडलेल्या सगळ्या इनपुट साधनांची यादी येईल. तुमचा एकच डोंगल त्यात दोन-तीनदा दिसेल, कारण असे रिमोट स्वतःला कीबोर्ड, माउस आणि मीडियाच्या बटणांचा संच अशा वेगवेगळ्या रूपांत दाखवतात. एकेक निवडा आणि बटणं दाबून बघा. बाण दाबल्यावर १०३, १०५, १०६, १०८ असे आकडे उमटतील. ओके दाबल्यावर बहुधा दुसऱ्याच रूपाखाली सी००४१ हा स्कॅनकोड (रिमोटने पाठवलेली बटणाची मूळ खूण) आणि त्यापुढे ३५३, की-सिलेक्ट, असं येईल.

तसं आलं तर तुमचा रिमोट निर्दोष आहे. ओके हवेतून नीट पोचतोय, रिसीव्हर तो घेतोय, कर्नललाही तो कळतोय. अडतोय तो शेवटच्या दारात. जुन्या एक्स या चित्रप्रणालीत बटणाचा क्रमांक २५५ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि कर्नलच्या आकड्यात ती आठ मिळवते. म्हणजे कर्नलचे २४७ पर्यंतचेच आकडे कोडीपर्यंत पोचतात. बाण १०३ ते १०८ मध्ये आहेत, ते सुखरूप जातात. ३५३ बाहेरच राहतो. इन्फ्रारेड रिमोटचं ओके बरेचदा ३५२ या आकड्याने येतं, त्याचीही गत तीच. लाल-हिरव्या-पिवळ्या-निळ्या बटणांचंही तसंच. म्हणून म्हटलं, रिमोट बदलून काही होणार नव्हतं.

उपाय दोन ओळींचा आहे. ‘एलएसयूएसबी’ चालवून डोंगलचे चार-चार अक्षरी दोन ओळखक्रमांक लिहून घ्या. इटीसी फोल्डरमध्ये यूडेव्हच्या आत एचडब्ल्यूडीबी-डी नावाचं फोल्डर असतं, त्यात एचडब्ल्यूडीबी शेपटीची एक नवी फाइल करा. पहिल्या ओळीत साधनाची ओळख: ‘इव्हडेव्ह:इनपुट:’ यानंतर बी०००३, मग व्ही आणि पहिला क्रमांक, पी आणि दुसरा क्रमांक, शेवटी तारका. क्रमांकातली अक्षरं कॅपिटलमध्येच लिहायची. दुसरी ओळ एक जागा सोडून सुरू करायची: ‘कीबोर्ड_की_’ हे कॅपिटलमध्ये, त्याला चिकटून सी००४१ लहान अक्षरांत, बरोबरचं चिन्ह, आणि एंटर. दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीची ती मोकळी जागा विसरली तर ती ओळ लागूच होत नाही. त्या एका जागेपायी मी एका घरी अख्खी दुपार घालवली आहे. मग ‘सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ चालवा, डोंगल काढून पुन्हा लावा, ईव्हीटेस्टमध्ये ओके दाबा. आता २८, म्हणजे एंटर, दिसायला हवा. कोडीतली एकही गोष्ट न बदलता ओके चालू होईल.

आता सोफ्यावरून वाया जाणारी बटणं. ही तक्रार खरोखर हवेतली आहे. डोंगल सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आहे का? आणि शेजारच्याच पोर्टमध्ये पिक्चरची हार्ड डिस्क? यूएसबी ३ ची केबल आणि पोर्ट काम करताना जो रेडिओ गोंगाट बाहेर टाकतात तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण काढलं आहे आणि त्यात वायरलेस माउसचं अंतर कसं घटतं ते मोजून दाखवलं आहे. घरात याची खूण ओळखायला सोपी: हार्ड डिस्कवरून पिक्चर चालू असताना रिमोट अडखळतो, डिस्क काढली की ठीक चालतो. त्यात भर म्हणजे सीपीयूचा पत्रा, टीव्ही युनिटची बंद फळी आणि डोक्यावर ठेवलेला वायफाय राउटर.

डोंगल त्या कोंडीतून बाहेर काढा. एक मीटरची साधी यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल आणा, ती मागच्या काळ्या पोर्टला लावा आणि डोंगल टीव्हीच्या खालच्या कडेला, सोफ्यावरून दिसेल असा चिकटवा. हार्ड डिस्क निळ्या पोर्टवर राहू दे, फक्त दोघांत हातभर अंतर ठेवा. टीव्ही किंवा मशीन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर नेता आलं तर तेही करा, पण आधी केबल. दहापैकी आठ घरांत माझं काम केबलवरच संपतं.

आवाज दोनदा वाढतो तो का, हे तुम्ही दिलेल्या एका माहितीत दडलंय: कोडी तुम्ही उबुंटूच्या डेस्कटॉपवर, आयकॉनवर टिचकी मारून चालवता. म्हणजे आवाजाचं बटण डेस्कटॉपही पकडतो आणि कोडीही. एकजण सिस्टिमचा आवाज वाढवतो, दुसरा स्वतःचा. लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडायची सोय असते, तिथे उबुंटूऐवजी कोडी निवडा आणि आपोआप लॉगिन लावून द्या. मागे डेस्कटॉपच नसेल तर बटणाला मालक एकच राहतो. आई-बाबांच्या दृष्टीनेही हे चांगलं, अपडेटच्या खिडक्या मध्येच उगवत नाहीत. इन्फ्रारेड रिमोटवर अशीच दुहेरी दाब दिसली तर कारण वेगळं असतं: कर्नल रिमोटला कीबोर्ड म्हणून वाचतोय आणि लर्क ही इन्फ्रारेड रिमोट वाचणारी जुनी सेवाही तेच बटण दुसऱ्या वाटेने पाठवतेय. तिथे लर्क बंद करायची.

लाल बटणाकडे वळतो. आधी हे बघा की ते दाबल्यावर मशीन झोपतं की पूर्ण बंद होतं. पंखा थांबणं दोन्हीत सारखंच, म्हणून लोक फसतात. खूण अशी: पुढचा दिवा मंद लुकलुकत राहिला तर झोपलंय, पूर्ण विझला तर बंद. काही सीपीयूंवर दिवा लुकलुकत नाही, तिथे सुरू व्हायला किती वेळ लागतो ते बघा. चार-पाच सेकंदांत कोडी दिसलं तर झोपेतून उठलंय. मदरबोर्डच्या कंपनीचं चिन्ह आलं तर ते बंद होतं. पूर्ण बंद पडलेल्या मशीनला यूएसबी रिमोटने उठवणं बहुतेक मदरबोर्डवर जमत नाही. आणि डेस्कटॉपविना चालणाऱ्या कोडीत लाल बटण मूळ सेटिंगनुसार मशीन बंदच करतं. इटीसी फोल्डरमध्ये सिस्टिमडीच्या आत लॉगिनडी-कॉन्फ फाइल आहे. त्यात ‘हँडल-पॉवर-की’ची ओळ शोधा, पुढे ‘सस्पेंड’ लिहा. कोडीच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही बंद करण्याची पद्धत ‘सस्पेंड’ ठेवा.

झोपलेल्या मशीनला उठवायला तीन परवानग्या लागतात. पहिली बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये: ईआरपी नावाचं वीज वाचवण्याचं सेटिंग चालू असेल तर झोपेत यूएसबीची वीजच तुटते. ते बंद करा. पडताळायला घरातला लाल दिव्याचा माउस त्याच पोर्टला लावा, मशीन झोपवा आणि बघा. माउसखालचा दिवा मिणमिणत राहिला तर वीज पोचतेय. दुसरी परवानगी डोंगलची: सिस फोल्डरमध्ये यूएसबी साधनांच्या यादीत तुमच्या डोंगलच्या पॉवर फोल्डरात ‘वेकअप’ नावाची फाइल आहे, तिच्यात ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘एनेबल्ड’ लिहा. साध्या कीबोर्डला लिनक्स ही परवानगी आपण होऊन देतं, माउसच्या रूपाने पुढे येणाऱ्या डोंगलला बरेचदा देत नाही. हे रीस्टार्टनंतर पुसलं जातं, म्हणून चाललं की यूडेव्हच्या (साधन जोडलं की आपोआप लागू होणाऱ्या) नियमात कायमचं टाकायचं. तिसरी परवानगी यूएसबी कंट्रोलरची: प्रॉक फोल्डरात एसीपीआयच्या आतल्या ‘वेकअप’ यादीत एक्सएचसीने सुरू होणाऱ्या ओळीपुढे ‘एनेबल्ड’ हवं. तिन्ही एकदम बदलू नका. एक बदला, झोपवा, बटण दाबा, मग पुढची.

तुमच्या इन्फ्रारेडच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण काही घरांत तोच बरा पडतो. मी या कामाला लागलो तो इन्फ्रारेडपासूनच. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा रिसीव्हर, एक डायोड, पाच व्होल्टचा छोटा रेग्युलेटर, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणायचा, नऊ पिनांच्या सीरियल प्लगच्या टोपणातच सगळं डकवायचं आणि लर्कवर चालवायचं. नावातला ३८ म्हणजे ३८ किलोहर्ट्झ. रिमोटचा प्रकाश सेकंदाला तितक्या वेळा उघडझाप करतो आणि रिसीव्हर फक्त त्याच लयीकडे कान देतो, म्हणून साध्या दिव्याने तो सहसा गोंधळत नाही. आज रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर तोच खेळ अजून सोपा झालाय: बूटच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-आयआर’ची एक ओळ टाकली की कर्नल थेट रिमोट वाचतो, लर्क लागतही नाही.

पण हातात सोल्डरिंग गन घेणार असाल तर दोन गोष्टी जपा. टीएसओपी १७३८ च्या गोल पोटाकडून पाहिलं तर पाय क्रमाने ग्राउंड, वीज, आउटपुट असे आहेत. टीएसओपी ३८२३८ या नव्या भावंडाचे पाय मात्र आउटपुट, ग्राउंड, वीज. दिसायला दोन्ही सारखेच. दुकानदार ‘तेच आहे, घ्या’ म्हणून एकाऐवजी दुसरा देतो, आपण जुन्या आकृतीप्रमाणे जोडतो, बोटाला चटका बसतो आणि रिसीव्हर गेलेला असतो. दुसरं, रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. १७३८ ला पाच व्होल्ट लागतात, आणि त्याचं आउटपुट थेट रास्पबेरी पायला जोडलं तर त्या पिनेवर पाच व्होल्ट चढतात. म्हणून रास्पबेरी पायसाठी ३८२३८च घ्या, तो ३.३ वर आनंदाने चालतो.

रास्पबेरी पाय ४ वर आणखी एक खोच आहे, जिच्यामुळे ‘काल चालत होतं, आज नाही’ असं होतं. त्याच्या दोन एचडीएमआय पोर्टांसाठी कर्नल आरसी शून्य आणि आरसी एक अशी साधनं तयार करतो, आणि तुमचा इन्फ्रारेड रिसीव्हर कधी आरसी दोन होतो, कधी आरसी शून्य. बटणांचा तक्ता क्रमांकाने बांधला असेल तर तो चुकीच्या साधनाला लागतो. ‘आरसी_मॅप्स’च्या फाइलमध्ये तो ड्रायव्हरच्या नावाने, जीपीआयओ_आयआर_आरईसीव्ही असा, बांधायचा.

इन्फ्रारेडचा खरा वैरी ऊन. सदाशिव पेठेतल्या एका आजींकडे मीडिया कॉम्प्युटर बसवला होता. त्यांच्या यजमानांनी जमवलेल्या कॅसेटमधून उतरवलेल्या मैफिली त्यावर होत्या. सकाळी रिमोट छान चालायचा, संध्याकाळी पाचच्या सुमारास मुका व्हायचा, दिवेलागणीनंतर पुन्हा सुरळीत. आजी म्हणायच्या, “यमन लावायची वेळ झाली की हा रुसतो बघ.” सेल बदलले, रिसीव्हर बदलला, काही फरक नाही. शेवटी एका संध्याकाळी मी तिथेच चहा घेत बसलो. पाचच्या थोडं पुढे पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी कपाटाच्या कडेवरून सरकत आली आणि बरोबर रिसीव्हरच्या काळ्या भिंगावर टेकली. आजींनी बटण दाबलं, काही झालं नाही. मी तळहात आडवा धरून रिसीव्हरवर सावली केली, त्यांनी पुन्हा दाबलं आणि तानपुरा सुरू झाला. रिसीव्हर फळीखाली चार बोटं सरकवला, काम झालं. ऊन म्हणजे इन्फ्रारेडचा पूर, त्यात रिमोटची लुकलुक बुडून जाते. काही सीएफएलचंही असंच होतं, कारण त्यांची चोक साधारण याच लयीत धडधडते.

इन्फ्रारेड रिमोट जिवंत आहे का हे बघायला फोनचा सेल्फी कॅमेरा उघडा, रिमोटचं तोंड त्याकडे करून बटण दाबा. जांभळट ठिपका चमकला तर रिमोट ठीक. मागच्या कॅमेऱ्यात तो बरेचदा दिसत नाही, कारण तिथे इन्फ्रारेड गाळणारी काच असते. तुमच्या २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटवर ही तपासणी करू नका, तिथे दिसण्यासारखं काही नसतंच. आणि इन्फ्रारेड घ्यायचाच झाला तर घरातला जुना, आता वापरात नसलेल्या डीव्हीडी प्लेयरचा रिमोट घ्या. सेटटॉप बॉक्सचा नको, एका बटणाला दोन्ही यंत्रं दाद देतात.

काहीजण विचारतात, टीव्हीचाच रिमोट वापरता येत नाही का? येतो, एचडीएमआयच्या १३ क्रमांकाच्या पिनेवरून, सीईसी या सोयीने. टीव्हीच्या मेनूत ती वेगवेगळ्या नावांनी असते: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. रास्पबेरी पायवर ती मुळातच आहे. तुमच्यासारख्या डेस्कटॉपच्या ग्राफिक्स कार्डावर सहसा नसते, वेगळा यूएसबी-सीईसी अडॅप्टर लावावा लागतो आणि तो तुमच्या रिमोटपेक्षा बराच महाग पडतो. पुढेमागे मशीन बदललंत तर हा मार्ग सर्वांत आधी बघा, कारण बाबांच्या हाताला टीव्हीच्या रिमोटची सवय आहेच.

सवयीवरून आठवलं. तुमच्या रिमोटवर मागच्या बाजूला अख्खा कीबोर्ड आहे ना? म्हातारी माणसं रिमोट मुठीत धरतात, मागची बटणं दाबली जातात आणि कोडी भलतीकडेच जातं. मग ती स्वतःला दोष देतात आणि हळूहळू हातात रिमोट घेणंच सोडतात. हे मी पाहिलंय आणि मला ते फार लागतं. कोडीत ‘कीमॅप एडिटर’ नावाचं ॲड-ऑन आहे, त्याने हवी ती बटणं नेमता येतात. नको असलेल्या बटणांना कीमॅपच्या फाइलमध्ये ‘नूप’ द्यायचं, म्हणजे दाबलं तरी काही होत नाही. बाण, ओके, मागे, थांबा-चालू, आवाज आणि लाल बटण एवढंच जिवंत ठेवा. ओकेवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावा, अंधारात बोटाला लागतो.

राहिला गुरुवार. बायॉसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं एक सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’वर ठेवा. नुसतं ‘आधीच्या स्थितीत’ ठेवलंत तर झोपलेलं मशीन काही बोर्डांवर बंदच राहतं. मग वर सांगितलेलं एकेक करून झालं की टीव्ही युनिटचा स्विच बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा आणि कशालाही हात न लावता कोडी येईपर्यंत वाट बघा. आलं की मशीन लाल बटणाने झोपवा, रिमोट बाबांच्या हातात द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसा. त्यांनी हाक मारली तर नेमकं कोणतं बटण दाबलं ते विचारा, ईव्हीटेस्टमध्ये त्या बटणाचा आकडा बघा आणि डोंगलच्या दोन ओळखक्रमांकांसह मला कळवा. पुढची ओळ काय लिहायची ते मी सांगतो.